जुने गोवे ते पणजी, दिवाडीमार्गे: दिवसभराची सपाट पायपीट

गोव्यात चालायला जायचे म्हटले की दूधसागर, नेत्रावळी, चोर्ला घाट ही नावे पुढे येतात. चढण असेल तरच चालणे, असा आपला एक समज झाला आहे. मांडवीच्या मुखाकडचा सपाट पट्टा, तिथली खाजन शेते म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली शेते, त्यांचे बांध, फेरीबोटी आणि बेटे यांच्यातून दिवसभर चालता येते हे पणजीत जन्म काढलेल्या माणसांच्याही डोक्यात येत नाही. ही वाट तशी आहे. जुन्या गोव्याहून निघायचे, फेरीने दिवाडी बेटावर उतरायचे, बेट पायाखाली घालायचे, दुसऱ्या फेरीने रायबंदरच्या बाजूला यायचे आणि संध्याकाळी पणजीच्या बसस्थानकावर पोचायचे. रस्त्याने धरले तर साधारण वीस किलोमीटर. बांधावरची भटकंती आणि नार्व्याचे देऊळ जोडले तर पंचविसाच्या आसपास.

सपाट आहे म्हणून सोपे आहे, असे मात्र धरून चालू नका. चढ-उतारात पायाचे स्नायू आळीपाळीने कामाला लागतात. सपाटीवर तेच स्नायू, तळव्याचा तोच भाग, तीच हालचाल हजारो वेळा होते. दम लागत नाही म्हणून माणूस थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणून दुपारी एकदम कोसळतो. शिवाय सपाटीवर झाडाची सावली क्वचित. त्यामुळे या वाटेची आखणी किलोमीटर मोजून करायची नाही. ऊन कुठे लागणार, सावली कुठे मिळणार, डांबर किती आणि फेरी कुठे, एवढ्यावर दिवस बसवायचा.

केव्हा जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो, पण दमटपणा अंगाला चिकटून राहतो आणि ऊनही बोचरे असते. मार्चपासून दुपार असह्य होते. पावसाळ्यात दिवाडी हिरवीगार असते, फोटोही छान येतात, पण बांध निसरडे असतात आणि शेतात गुडघाभर पाणी असते. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरणे म्हणजे लेप्टोच्या तापाला आमंत्रण. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, शहरातल्या पाहुण्याला सांगावे लागते.

दोन दिवस टाळाच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना चालते आणि पहाटेपासून रस्ते भरलेले असतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा हा गावचा उत्सव असतो. तो बघायला जरूर जा, चालायला नको. एरवीही शनिवार-रविवारी भाड्याच्या स्कूटरवरून येणारी मंडळी बेटाच्या अरुंद रस्त्यांवर भरधाव असतात, म्हणून आठवड्यातला मधला वार बरा.

पाय आणि पिशवी

नवे बूट घालून निघू नका. महिनाभर वापरलेले, पुढे बोटांना जागा असलेले साधे धावायचे बूट पुरतात. उन्हात दुपारपर्यंत पाय सुजतात, म्हणून अर्धा नंबर मोठा असला तर चांगलेच. डोंगरात वापरतो ते जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट इथे पायांना नुसते उकडतात. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि तिथूनच फोडांना सुरुवात होते. सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड घ्या, दुपारी जेवणाच्या वेळी बदला. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिन चोळा. मांड्या घासत असतील तर तिथेही.

चालताना तळव्यावर एखादी जागा गरम वाटू लागली की त्याच मिनिटाला थांबायचे. पुढच्या चर्चपर्यंत जाऊ, पुढच्या फेरीपर्यंत जाऊ, असे करायचे नाही. बूट काढा, पाय कोरडा करा, त्या जागेवर मायक्रोपोरची पट्टी सुरकुती न पडू देता चिकटवा. फोड आला की मग फक्त लंगडणे उरते.

डोक्याला रुंद काठाची टोपी हवी, आणि सोबत छत्री. हो, छत्री. आपली काळी, लांब दांड्याची. पावसाळा संपला की ती कपाटात जाते ही चूक आहे. बिनसावलीच्या रस्त्यावर तिच्याइतके उपयोगाचे काही नाही, कुत्री अंगावर आली तर हातात काठीही असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की बांधावर मात्र ती मिटून ठेवावी लागते.

पिशवीचे वजन चार-पाच किलोच्या वर जाऊ देऊ नका. दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, चिकी किंवा खजूर, पट्टी, पंचा, सनस्क्रीन, छोटी विजेरी, मोबाईलची पॉवर बँक आणि सुट्टे पैसे. पंचा घाम पुसायला, झाडाखाली पसरायला आणि अर्धी चड्डी घातली असेल तर देवळात गुंडाळायला. बेटाचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून घट्ट सरबत करून पिणारे लोक भेटतात, त्याने फायद्याऐवजी त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाला अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवे, तहान लागो न लागो.

पहाट: जुने गोवे आणि पहिली फेरी

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बहुतेक बसेस जुन्या गोव्यावरून जातात. सकाळी साडेसहाच्या आत बस धरा. डिसेंबर-जानेवारीत उजाडायलाच पावणेसात होतात, त्यामुळे त्याहून लवकर जाऊन फायदा नाही. करमळी हे कोकण रेल्वेचे स्थानक जवळच आहे, पण मुंबईकडच्या गाड्या इतक्या सकाळी तिथे पोचतीलच असे नाही. तेव्हा आदल्या दिवशी येऊन राहिलेले बरे.

खायचे इथेच खाऊन घ्या. भाजी-पाव आणि चहा, वर एखादा बन. पुढे बेटावर सकाळी काय उघडे मिळेल ते सांगता येत नाही. स्वच्छतागृहही इथेच गाठा. बायकांना हे आवर्जून सांगायला हवे, कारण यानंतर सार्वजनिक सोय फारशी नाही.

बॉम जेझूची बॅसिलिका आणि से कॅथेड्रल बघायचा मोह होईल. १९८६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली ही चर्चेस पळून जात नाहीत, त्यांना वेगळा दिवस द्या. सकाळचा थंड तास इथे घालवला तर त्याची भरपाई दुपारी उन्हात करावी लागते. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरलात की फेरीचा धक्का.

फेरीला पायी माणसाकडून तिकीट घेत नाहीत. गाड्या आधी चढू द्या, मग कडेने चढा आणि फळीपासून लांब उभे राहा. फळी उचलताना आणि टाकताना खलाशी ओरडतात, ते तुम्हालाच उद्देशून असते. पलीकडे जायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात एक काम करा. फेरीवरच्या माणसाला सां पेद्रूच्या फेरीची चौकशी करा. ती तुमची संध्याकाळची फेरी. बोट दुरुस्तीला गेलेली असेल तर ते इथे सकाळीच कळलेले बरे.

खाजनातला रस्ता आणि पिएदादची टेकडी

धक्क्यावरून निघणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या शेतांतून पिएदादकडे जातो. दोनेक किलोमीटर, पूर्ण सपाट आणि जवळजवळ बिनसावलीचा. म्हणून हा भाग सकाळी आठच्या आत उरकायचा. चालताना रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. तासन्‌तास एकाच कडेने चाललात की एक पाय सतत वर, एक खाली, आणि संध्याकाळी एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर बोलू लागते. रहदारी नसेल तेव्हा मधून चाला, आणि कडेला मातीची पट्टी दिसली की डांबर सोडा.

ही शेते नुसती बघून पुढे जाऊ नका. ही जमीन भरतीच्या पातळीखालची. खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी माती, चिखल आणि चिऱ्याचे बांध घालून पूर्वजांनी ती खाडीकडून मिळवली. बांधात जिथे दगडी उघडे तोंड आणि त्यात लाकडी दारे दिसतील ती मानस. थोडा वेळ थांबून तिचे काम बघण्यासारखे असते. दार वरच्या बाजूला अडकवलेले असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर येतो आणि ते आपोआप मिटते, फटींतून नुसत्या धारा उडतात. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली की आतले पाणी दाराला ढकलते आणि शेतातले जादा पाणी खाडीत जाते. वीज नाही, माणूस नाही, दिवसातून दोनदा हे चालू असते. आतल्या बाजूला पाणी साठते ती पोंय. मासळी तिथेच जमते, म्हणून मानशीवर जाळे लावायच्या हक्काचा लिलाव होतो. जाळे लावलेले दिसले तर त्याला हात लावू नका, फळीवर चढून फोटोही काढू नका. फळ्या खारट पाण्याने कुजलेल्या असतात.

या शेतांत खारे पाणी सोसणारे कोरगूट हे भात पिकायचे. आज काही शेते पडीक आहेत, काहींत खारफुटी शिरली आहे. बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही की काय होते ते इथे पाठ्यपुस्तकाशिवाय समजते.

पिएदादची टेकडी ही वाटेतली एकुलती एक चढण. वर पिएदादचे चर्च, आणि तिथून मांडवी, पलीकडची जुन्या गोव्याची शिखरे, खाली शेतांचे चौकोन असा सगळा नकाशा समोर पसरतो. उरलेली वाट इथूनच डोळ्यांनी आखून घ्या. वर कदंब राजांच्या काळात देऊळ होते. प्रार्थना चालू असेल तर आवाज करू नका, टोपी काढा.

पाठीमागून भोंग्याचा पों-पों आवाज आला तर तो पोदेर, सायकलवर पाव विकणारा. त्याला थांबवून दोन पोळ्या घ्या. इथे पोळी म्हणजे कोंड्याच्या पिठाची, आतून पोकळ गरम भाकरीसारखी भाजलेली. दुपारपर्यंत ती पोटाला आधार देते.

बांधावर चालावे का?

चालावे, पण विचारून. पिएदादकडून गोलती-नावेलीच्या बाजूने जाताना शेतातून बांधाच्या वाटा फुटतात. नकाशावर सलग दिसणारा बांध पावसाळ्यात मधेच फुटलेला असतो आणि दोन किलोमीटर जाऊन परत फिरावे लागते. शेतात कोणी दिसले की विचारा. वयस्क पुरुषाला ‘बाब’, बाईला ‘बाय’ म्हणा, मराठीत बोललात तरी कळते. ‘बाब, ही वाट फेरीक वता?’ एवढे कोंकणी जमले तर उत्तर जास्त सविस्तर मिळते. ‘फुडें बांद फुटला, वचूं नाकात’ असे कोणी म्हणाले तर मुकाट्याने मागे फिरा. गाववाल्याचा बांधाचा अंदाज तुमच्या फोनपेक्षा ताजा असतो.

बांधावर पाऊल मधोमध टाकायचे. कडा खेकड्यांनी पोखरलेल्या असतात, वरून घट्ट दिसतात आणि वजन पडले की ढासळतात. भात कापून झाल्यावर धसांमध्ये उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. पाय आपटत चाला, गवतात हात घालू नका. चिखल टाळा, घोट्यापर्यंत रुतलेला बूट नंतर दिवसभर ओला राहतो आणि फोडांची सोय करतो. खाडीच्या कडेला पाय सोडून बसायची हौसही आवरा. शेजारच्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. तिथून इथवर येण्याची शक्यता कमी, पण पाणी एकच आहे.

कुत्र्यांचे म्हणाल तर सापांपेक्षा त्यांचाच प्रश्न मोठा. वाड्यावरची कुत्री घोळक्याने येतात. पळायचे नाही, नजर रोखायची नाही, छत्री शरीर आणि कुत्रा यांच्यामध्ये धरून संथपणे चालत राहायचे. त्यांची हद्द संपली की ती आपसूक वळतात.

नार्वे: फेरीपलीकडचे देऊळ

बेटाच्या उत्तरेला नार्व्याची फेरी लागते. इथपर्यंत साडेदहा वाजेतो पोचलात तर पलीकडे जा. मराठी माणसाने हा फाटा सोडू नये. कदंबांचे आराध्यदैवत श्री सप्तकोटेश्वर मूळ दिवाडीवरचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्याला आले, तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तिथले देऊळ नव्याने उभारण्याची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६६८ साली दिली. तसा शिलालेख देवळात आहे, शके १५९०, कार्तिक महिन्यातला. पुढे डागडुजी करून २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. धक्क्यापासून देवळापर्यंतची वाट झाडीतून जाते, पायी जाण्याइतकी जवळ आहे. दुपारी गाभारा बंद होण्याआधी पोचा.

नार्व्याच्या धक्क्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: पाय कसे आहेत? डोके दुखतेय, मळमळतेय, लघवी गडद पिवळी होतेय, अशा खुणा असतील तर इथून पुढचे चालणे सोडा. नार्व्याहून डिचोलीकडे वाहन मिळते, किंवा पिएदादला परतून जुन्या गोव्याची फेरी धरता येते. कुणी बडबडू लागला, घाम येईनासा झाला, अंग तापले तर तो उष्माघात. सावलीत झोपवा, कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेटावर रुग्णवाहिकेलाही बहुधा फेरीतूनच यावे लागते, म्हणून निर्णय उशिरा घेऊ नका.

दुपार मळारात

नार्व्याहून परत दिवाडीवर आलात की मळारच्या दिशेने वळा. इथे घरे, माड, आंबे, पोर्तुगीज धाटणीच्या बाल्कन्या, आणि मुख्य म्हणजे सावली. बारा ते तीन हा वेळ इथेच काढायचा, चालायचे नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गोव्यातल्या खेड्यांत एक वाजला की दुकाने झोपी जातात आणि चारच्या सुमारास उठतात. पाणी, केळी, बिस्किटे साडेबाराच्या आत घेऊन ठेवा. दीड वाजता बंद फळीसमोर उभे राहून शटर वाजवणाऱ्याला इथे कोणी चांगले म्हणत नाही. जेवण मिळाले तर मासळीची थाळी मागवा, पण भाताचा ढीग अर्धाच खा. सोलकढी मात्र पोटभर प्या, मीठही पोटात जाते आणि पाणीही. बिअरचा विचार रायबंदरनंतर.

जेवल्यावर बूट-मोजे काढा, पाय पिशवीवर उंच ठेवून वीस मिनिटे आडवे व्हा. मोजे बदला. पिंढऱ्या ताणून घ्या. सकाळपासून ‘काहीच वाटत नाही’ म्हणणाऱ्याला इथे पहिल्यांदा कळते की पाय आहेत.

घरांचे फोटो काढायचे तर विचारून. दिवाडीकर पाहुण्यांना कंटाळलेले नाहीत, पण आपल्या अंगणात कोणी ड्रोन उडवलेला त्यांना आवडत नाही, आणि का आवडावा?

सां पेद्रू, रायबंदर आणि शेवटचे तीन किलोमीटर

तीन-सव्वातीनला निघा. सां मातियशच्या बाजूने उतरून सां पेद्रूची फेरी धरा. पलीकडे उतरलात की पश्चिमेला वळायचे, नदी उजव्या हाताला. रायबंदरचा हा जुना रस्ता देखणा आहे, पण रहदारीचा. पदपथ कुठे आहे, कुठे नाही. सूर्य आता थेट डोळ्यांत असतो, टोपीचा पुढचा काठ इथे कामाला येतो. समोरच्या चालकाला ऊन लागत नसेल, पण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत तेच ऊन असते, त्याला तुम्ही दिसत नाही. तेव्हा रस्ता ओलांडताना दोनदा बघा.

रायबंदर ते पणजी हा लांबच लांब दगडी सेतू म्हणजे पोंत द लिन्यारिश. सुमारे तीन किलोमीटरचा. लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये, दलदलीतून तो बांधला. एका बाजूला मांडवी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचा पट्टा. ओहोटी असेल तर चिखलावर बगळे आणि चिखल्या पक्ष्यांची गर्दी असते. सबंध दिवसात सगळ्यात जड जातात ते हेच तीन किलोमीटर. वाट सरळसोट, पणजी समोर दिसते आणि जवळ येतच नाही. इथे वेग वाढवू नका. पावले छोटी करा, खांदे सैल सोडा, दर दहा मिनिटांनी पाण्याचा घोट घ्या.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. साडेपाचपर्यंत रायबंदर मागे पडले नसेल तर सेतूवर पायी जाऊ नका. पदपथ अरुंद आणि वाहने वेगात. रायबंदरलाच बस धरा, पणजीच्या बसेस सारख्या मिळतात. चालतच जायचे असेल तर विजेरी लावून, समोरच्या वाहनांना दिसेल अशी धरून.

सेतू संपतो तिथून पाटोच्या पुलाकडे आलात की कदंब बसस्थानक पाच-दहा मिनिटांवर. बसमध्ये चढण्याआधी बूट काढून चपला घाला. घरी गेल्यावर पाय गार पाण्यात बुडवा, फोड आलेला असेल तर तो फोडू नका, वर सैल पट्टी लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखेल. अर्धा तास सपाटीवर हळू चाललात तर दुपारपर्यंत मोकळे व्हाल.